दुसऱ्यांदा जागं होताना

तात्यांनी वाक्य अर्ध्यावर असतानाच लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि चहाचा कप उचलून ते रस्त्याकडे बघत बसले.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. काही नाही.

"अहो, काहीतरी लिहीत होता ना."

पुन्हा तशीच मान. कप खाली ठेवला, लॅपटॉप बाजूच्या खुर्चीवर सरकवला आणि चपला घालून ते फाटकाबाहेर पडले. दुपारी जेवायला आले तेव्हाही गप्पच. वरण वाढू का म्हटलं तर हातानंच पुरे म्हणाले.

फेब्रुवारीतला शनिवार होता. मी सकाळच्या गाडीनं पुण्याहून विट्याला आले होते, तेही आईच्या फोनमुळे. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

तात्या म्हणजे माझे वडील, पांडुरंग सुतार, एसटीत हेड मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक घुंघुं करणारं यंत्र मिळतं, ते त्यांनी दोन दिवस वापरलं आणि कागदावर लिहून दिलं, 'टायरमधली हवा गेल्यासारखं वाटतं.' मग मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला. मराठीत टाइप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात घातला. तीन आवाज होते. त्यांनी तिन्ही ऐकून त्यातला जरासा नाकात बोलणारा निवडला. दोन बोटांनी ते टाइप करत आणि मशीन बोले. वर्षभरात त्यांचा असा हात बसला की भाजीवालीशी घासाघीससुद्धा करायला लागले. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप, असे गावभर हिंडायचे. बोलायचं असलं की झाकण उघडायचं, झालं की मिटायचं.

मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसले.

"कधीपासून असं?"

"दिवाळीनंतर," आई म्हणाली. "सकाळी उठल्याव एकदा बोलत्यात. 'चहा दे', 'पेपर आला का', येवढंच. मग दिवसभर काय न्हाई. डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, अशा पेशंटला मनाचा आजार होतो मागनं. गोळ्या दिल्यात. त्या घेत न्हाईत."

"तुझ्याशी भांडण वगैरे?"

"भांडायला बोलावं लागतं की गं."

ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटत राहिली. माझं लग्न मोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत या घरात माझ्या गप्प बसण्याबद्दल कुणी मला एकदाही टोकलं नव्हतं. आता तात्यांना कोणत्या तोंडानं विचारणार?

तात्यांचे एकच खरे दोस्त. बाबूलाल मुलाणी, निवृत्त ड्रायव्हर. साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. मागच्या गल्लीत घर. चार वाजता मी त्यांच्याकडे गेले, तर ते दारातल्या कट्ट्यावर बसलेले.

"वैजू का?" पावलं ऐकूनच म्हणाले. "ये. पांडबा आत्ताच गेला बघ."

"काका, तात्या तुमच्याशी बोलतात का हो?"

"येतो, बसतो. मी बोलतो, तो ऐकतो. म्हणजे मला वाटतं ऐकतो, मी कुठं बघतोय?" थोडं थांबून ते म्हणाले, "लिहून दाखवायचा मार्ग न्हाई माझ्यापुढं. मशीन होतं म्हणून आमचं चाललं होतं."

"होतं म्हणजे?"

"आता ते नीट बोलत न्हाई. असं बोलतं." काकांनी नक्कल केली. "'बाबू, का... ल रा... तच्या गा... डीनं.' मी म्हटलं, पांडबा, तुझ्या मशीनला बी म्हातारपण आलं. हसण्यावारी म्हटलं मी. त्या दिवसापासनं त्यानं ते उघडलंच न्हाई माझ्यापुढं." काठीचं टोक त्यांनी जमिनीवर फिरवलं. "माझंच चुकलं, बाळ."

मी जवळजवळ पळतच घरी आले.

इथं माझं काम सांगायला हवं. संगणकाच्या पोटात सगळ्यात खाली एक प्रोग्रॅम चालतो, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर उभे असतात. त्याला कर्नल म्हणतात. आम्ही वापरतो तो कर्नल कुठल्या एका कंपनीचा नाही, जगभरातले हजारो लोक मिळून तो लिहितात. कुणीही बदल पाठवावा, त्या त्या भागाच्या सांभाळणाऱ्याला पटला तर तो घेतला जातो. मी पुण्याच्या एका कंपनीत त्यावरच काम करत होते, आणि आदल्या पावसाळ्यात माझा पहिला मोठा बदल घेतला गेला होता. लॅपटॉप मिटला की झोपतो, उघडला की जागा होतो. तो लवकर जागा व्हावा आणि बॅटरी वाचावी, यासाठी तो बदल होता. नोव्हेंबरच्या अपडेटमधून तो सगळ्यांकडे गेला. तात्यांच्याही लॅपटॉपवर. त्यांनी डेपोत पेढे वाटले होते.

"तात्या, लॅपटॉप द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिला, पण हात लगेच सोडला नाही.

मी मशीन पूर्ण बंद करून चालू केलं आणि एक ओळ टाइप केली. स्पष्ट बोललं. झाकण मिटलं, उघडलं, पुन्हा बोलायला लावलं. स्पष्ट. मला काही कळेना. तात्या माझ्याकडे बघत उभे होते. मग ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. उघडून माझ्या मांडीवर ठेवली.

पट्टीनं रकाने आखलेले होते. तारीख. वेळ. चालू केल्यापासून झाकण कितव्यांदा उघडलं. चार्जर होता की नव्हता. काय टाइप केलं. कुठल्या अक्षरावर अडखळलं. एकोणीस नोव्हेंबरपासून एकशे बारा नोंदी. ज्या वेळी अडखळलं नाही, त्याही नोंदी होत्या. डेपोत गाडी दुरुस्तीला आली की ते असंच लिहायचे. मला रोज इंजिनिअर लोकांच्या तक्रारी येतात, पण इतकी स्वच्छ तक्रार मला त्याआधी कुणी पाठवली नव्हती, आणि नंतरही नाही.

मी रकान्यांवरून बोट फिरवत गेले. पहिल्यांदा उघडल्यावर कधीच नाही. दुसऱ्यांदा आणि पुढे प्रत्येक वेळी. चार्जर लावलेला असला तर नाही.

मी चार्जर काढला, दुसऱ्यांदा झाकण मिटून उघडलं आणि बोलायला लावलं. आवाज जिन्यावरून पाय घसरावा तसा शब्दाशब्दाला अडखळला.

"मला का नाही सांगितलंत?"

तात्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं, जणू मी दुसरंच काही विचारलं होतं.

"बंद करून परत चालू केलं की नीट होतं ना? मग तसं का नाही केलंत?"

त्यांनी मशीन माझ्याकडून घेतलं, बंद केलं आणि चालू केलं. तो जुना लॅपटॉप उठायला पाच मिनिटं घेई. उठल्यावर त्यांनी टाइप केलं आणि नाकातला तो आवाज म्हणाला, "होतं नीट. पण पाच मिनिटांत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात."

आई दारात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली.

मी लगेच कामाला लागले. ऑक्टोबरचा कर्नल घालून पाहिला, त्याच्यावर सगळं ठीक होतं. नोव्हेंबरचा बिघडलेला. मधल्या काळात जगभरातल्या लोकांनी मिळून आठ हजार बदल केले होते. त्यातला एक कुठला तरी खोडी करत होता. अशा वेळी आम्ही बरोबर मधला बदल धरतो. तिथवर ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडलेलं असेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. आठ हजारांतून एकापर्यंत यायला तेरा फेऱ्या पुरतात. हे मी तात्यांना समजावून सांगत होते, तर माझं संपायच्या आत त्यांची बोटं चालू झाली.

"डिझेलच्या पाइपात हवा कुठून शिरते ते शोधताना आम्ही पण मधलाच जोड आधी सोडायचो," मशीन म्हणालं.

प्रत्येक फेरीला कर्नल नव्यानं बांधावा लागे. ते काम माझ्या ऑफिसचं मोठं मशीन करे आणि मी फोनच्या इंटरनेटवरून तो उतरवून घेई. फेरीला अर्धा-पाऊण तास. मग चार्जर काढायचा, झाकण दोनदा मिटायचं-उघडायचं आणि एकच वाक्य बोलवून घ्यायचं. वाक्य तात्यांनी निवडलं. 'विटा-सांगली, जलद, फलाट क्रमांक तीन.' झाकण तेच मिटत, तेच उघडत, आणि वहीत नवे रकाने आखून तेच लिहीत. रात्री साडेनऊपर्यंत सहा फेऱ्या झाल्या. आई म्हणाली, आता उठा, आणि आम्ही उठलो. त्या तीन महिन्यांत तात्या पहिल्यांदा पोटभर जेवले, असं ती मला दुसऱ्या दिवशी म्हणाली.

रविवारी सकाळी तात्या मुलाणीकाकांना हाताला धरून घेऊन आले. ओसरीत खुर्ची टाकली.

"मी काय करू इथं?" काका म्हणाले.

"काही नाही. बसा," मी म्हटलं.

सातवी फेरी. फलाट क्रमांक तीन. मी तात्यांना म्हटलं, "ठीक आहे. लिहा, ठीक."

"कुठलं ठीक?" काका म्हणाले.

"का हो?"

"'फलाट' म्हणताना थांबलं की ते."

मी परत बोलवून घेतलं. मला ऐकू आलं नाही. तात्यांनीही मान हलवली.

"थांबतंय," काका म्हणाले. "'फ' झाला की जरा दम घेतंय. आधीसारखं न्हाई, पर घेतंय."

मी मोजायचा प्रोग्रॅम लावला. 'फ' आणि 'ला' यांच्यामध्ये एका सेकंदाचा आठवा भाग रिकामा होता. 'ठीक' लिहून टाकलं असतं तर दोष राहिला असता एका अर्ध्यात आणि आम्ही संध्याकाळपर्यंत शोधत बसलो असतो दुसऱ्या अर्ध्यात.

"काका, तुम्ही आता उठायचं नाही," मी म्हटलं.

"मला दुसरं काम काय आहे, ऐकण्याशिवाय," ते म्हणाले, आणि खुर्चीत नीट सावरून बसले.

दहावी फेरी संपली तेव्हा आठ बदल उरले होते. आठ ओळी, प्रत्येकीपुढं लिहिणाऱ्याचं नाव. पाचव्या ओळीपुढं माझं नाव होतं. व्ही. पी. सुतार.

खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात ते आलंच नव्हतं. आलं असेल तर मी येऊ दिलं नसेल. झोपणं आणि जागं होणं, बॅटरी, नोव्हेंबर, सगळं डोळ्यांपुढं होतं. तात्या माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी सुट्या भागांवरची इंग्रजी अक्षरं वाचली होती. ती ओळ त्यांनी वाचली हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. मग ते उठून आत गेले.

उरलेल्या तीन फेऱ्या मी केल्या. काका ऐकत होते, मी लिहीत होते. चार उरले, दोन उरले, एक उरला.

मी माझाच बदल उघडून वाचायला घेतला. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. एकदा दिसल्यावर ती इतकी साधी होती की मला कुणाकडे बघवेना.

लॅपटॉपच्या प्रोसेसरचे चार भाग असतात, चार कामगार म्हणा. कुठलं काम कुणाला द्यायचं हे कर्नल ठरवतो. डेपोतल्या ड्युट्या लावणाऱ्यासारखा. मशीन जागं झालं की हे चौघं एकेक करून उठतात, आणि बॅटरीवर असलं तर शेवटचा बराच वेळ पेंगत असतो. म्हणून उठल्यावर चौघांची तपासणी व्हायची. ती वेळखाऊ होती. मी ती एकदाच होईल अशी सोय केली, आणि झाली की 'झाली' अशी खूण लावली. पुढच्या वेळी झोपताना ती खूण पुसायला हवी होती. ती एक ओळ मी लिहिलीच नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा जागं होताना कुणी कुणाला तपासत नव्हतं. पेंगणाऱ्या चौथ्याला पूर्ण ताकदीचं काम मिळत होतं, आणि तात्यांचं बोलणं नेमकं त्याच्या वाट्याला जात होतं. आम्ही हजार वेळा चाचणी केली होती. एक तर चार्जर लावून, नाहीतर मशीन नव्यानं चालू करून एकदाच झोपवून-उठवून.

तात्या चहा करून घेऊन आले. त्यांनी चहा केल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी काकांच्या हातात कप दिला. तात्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. त्यात तोच बिघडलेला कर्नल होता, म्हणून त्यांनी तो बंद केला आणि परत चालू केला. आम्ही तिघं ती पाच मिनिटं बसून राहिलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. काकांनी चहा संपवला. मला विषय बदलावासा वाटत होता, तेवढ्यात मला कळलं की गेले तीन महिने रोज असंच होत असणार.

"पेढे वाटले त्याच दिवशी कळलं होतं," मशीन म्हणालं.

"त्याच दिवशी?"

"डेपोत सगळ्यांना दाखवत होतो. पोरीनं केलंय म्हणून. दुसऱ्यांदा उघडलं आणि अडखळलं."

"मग मला फोन करायचा ना."

"केला होता. संध्याकाळी."

मला तो फोन आठवला. तात्या ऐकत होते आणि मीच वीस-पंचवीस मिनिटं बोलत होते. बदल कसा घेतला गेला, कुणी काय प्रश्न विचारले, मी काय उत्तरं दिली. त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

तात्यांची दोन बोटं बराच वेळ चालली. मग ते थांबले, एक शब्द खोडला, परत लिहिला.

"तू हसत होतीस. कोर्टाचे कागद आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, राहू दे चार दिवस."

"तात्या, तीन महिने झाले."

"तू रोज हसत होतीस."

काकांनी मान खाली घातली. मी उठून फाटकापर्यंत गेले. तिथं थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

"तुमच्या मशीनपुरतं मी आत्ताच दुरुस्त करते," मी म्हटलं. "एक ओळीचं काम आहे. बाकीचं बघता येईल नंतर."

"बाकीचं म्हणजे?"

"हा बदल सगळीकडे गेलाय. कळवलं की तो काढून टाकतील. मार्चमध्ये मला बंगळूरला एका परिषदेत बोलावलंय, याच बदलावर बोलायला. ते झालं की मी शांतपणे कळवते. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. आणखी कुणाची तक्रार आलेली नाही."

हे मी बोलले होते. आज लिहितानाही ते वाक्य गाळावंसं वाटतं.

तात्यांनी टाइप केलं. "गाडी डेपोत परत आली की मेकॅनिकनं लाजायचं नसतं. परत आली म्हणून दुरुस्त होते." मग थोडं थांबून, "मी पण तक्रार केली नव्हती."

मी चार्जरची वायर गुंडाळायला लागले.

"माझ्याकडे तू आहेस. बाकीच्यांकडे कोण आहे?"

ते वाक्य बोलताना मशीन कुठंही अडखळलं नाही. काका हलक्या आवाजात म्हणाले, "लिही पोरी. लिहून मोकळी हो."

कर्नलचा तो भाग सांभाळणारा माणूस टोमास नावाचा होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पत्रातच ओळख. असं पत्र ईमेलनं एका खुल्या यादीवर जातं, जगात कुणालाही वाचता येतं. मी ओसरीतच बसून लिहिलं. दोष काय, कधी दिसतो, कुठल्या बदलानं आला, आणि तो बदल माझा आहे. तात्यांच्या वहीतल्या नोंदी उतरवून जोडल्या, दुरुस्तीची ओळही जोडली. आमच्यात एक पद्धत आहे, ज्यानं दोष कळवला त्याचं नाव दुरुस्तीसोबत लिहायचं. ते कायम राहतं.

"तात्या, तुमचं नाव घालू?"

त्यांनी हातानं 'कशाला' असं केलं. मग मशीनवर लिहिलं, "घालायचं तर पूर्ण घाल. पांडुरंग दाजी सुतार."

"आन मी?" काका म्हणाले. "मी ऐकलं की."

म्हणून दोष कळवणारा म्हणून पांडुरंग दाजी सुतार आणि तपासणारा म्हणून बाबूलाल मुलाणी अशी नावं गेली. पाच वाजता मी पत्र पाठवलं, तोवर चालवायला तात्यांच्या मशीनवर ऑक्टोबरचा कर्नल घातला आणि साडेपाचच्या गाडीनं पुण्याला निघाले. तात्या स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

टोमासचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दुरुस्तीची ओळ त्याला पटली होती, पण आधी तो माझा सबंध बदलच काढून टाकणार होता. लोकांच्या मशीनवर चाललेल्या गोष्टीत घाई करायची नाही, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्षभराची मेहनत होती. बंगळूरच्या लोकांना मी कळवलं की बोलण्यासारखं काही उरलं नाही, चुकीबद्दल बोलायचं असेल तर बोलते. त्यांनी नम्र शब्दांत मला यादीतून वगळलं. बदल पुढं सात महिन्यांनी दुरुस्त होऊन परत घेतला गेला, पण तोवर त्याचं कौतुक करायला कुणी थांबलं नव्हतं.

पत्राच्या शेवटी टोमासनं विचारलं होतं, हे सुतार आणि मुलाणी कुठल्या कंपनीत आहेत? मी लिहिलं, राज्य परिवहन, निवृत्त. एक डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, दुसरे गाडी चालवायचे. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. त्याच्या सोबत काम करणाऱ्या सगळ्यांना त्यानं ती वही पाठवली होती, तक्रार कशी लिहावी ते बघा म्हणून. मी ती ओळ मराठीत करून तात्यांना पाठवली. आई म्हणाली, ते दोन दिवस ती ओळ गावभर मशीनला वाचायला लावत होते.

महिनाभरानं पुढचं अपडेट आलं. तात्यांनी ते स्वतःच्या हातानं घातलं.

एका मंगळवारी सकाळी अकराला फोन वाजला. मी मीटिंगला निघाले होते. पलीकडून बटणांची टकटक ऐकू आली, मग थोडी शांतता, मग तो नाकातला आवाज.

"वैजू, कामात आहेस?"

"बोला, तात्या."

ते मुलाणीकाकांच्या कट्ट्यावर बसून बोलत होते. मागून काकांचा आवाज येत होता. तात्यांनी सांगितलं की समोरच्या शिंद्यांनी म्हैस घेतली आणि ती बांधायला जागाच नाही. आईनं लोणच्यात मीठ जास्त घातलं आणि ती कबूल होत नाही. डेपोत नवा मेकॅनिक आलाय, पोरगं हुशार आहे, पण गाडीचा आवाज ऐकत नाही, नुसतं बघतं. प्रत्येक वाक्याआधी टकटक, आणि मग वाक्य, सलग, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मध्येच झाकण मिटल्याचा आवाज येई, काका काहीतरी सांगत, मग झाकण उघडल्याचा आवाज, आणि तात्या त्यांचं म्हणणं खोडून काढत. मी मोजत होते. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा. कामाचं एकही वाक्य नव्हतं. तात्या त्यानंतर सहा वर्षं होते, आणि असे फोन मला किती आले याचा हिशेब नाही, पण तो पहिला होता.

चाळीस मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "तात्या, मीटिंग आहे. जाऊ का?"

बराच वेळ टकटक चालू राहिली. काका मागून म्हणत होते, "सोड की आता तिला, पांडबा. किती बोलशील."

मग आवाज आला. "जा. पण बाबू आत्ता कऱ्हाडच्या घाटातलं जे सांगत होता ते सगळं खोटं आहे. खरं काय झालं तेवढं ऐकून जा."

मी दार लावून घेतलं आणि परत खुर्चीत बसले.